पहिल्या सत्राआधीच लागणारा निकाल

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांची संख्या सहा कोटी वीस लाखांच्या घरात गेली. शंभर माणसांमागे जवळजवळ एकोणीस. लॉ स्कूलच्या वर्गात हेच प्रमाण तेराच्या आसपास उतरतं. मोठ्या कॉर्पोरेट फर्ममधल्या पगारी वकिलांत, म्हणजे असोसिएटांत, ते सातवर येतं आणि फर्मचे भागीदार मोजायला घेतले तर तीनवर. त्यातल्या फक्त बायका मोजल्या, तर शंभर पार्टनरांत लॅटिना जेमतेम एक.

मुली कमी पडतात किंवा त्यांना हे क्षेत्र नकोच असतं, असं कुणी म्हणालं तर ते टिकत नाही. अमेरिकी लॉ स्कूलांत २०१६ पासून मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, आणि लॅटिनो विद्यार्थ्यांतही मुलीच जास्त आहेत. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीचं लॉ कॉलेज २००२ साली सुरू झालं. तिथे लॅटिनो विद्यार्थ्यांचा भरणा मोठा आहे, आणि फ्लोरिडाच्या बार परीक्षेत जुन्या नामवंत कॉलेजांना मागे टाकून या कॉलेजाने अनेकदा पहिला क्रमांक घेतला आहे. कायदा येतो, परीक्षा पास होता येते, सनदही मिळते. तरीही कॉलेजच्या दारापासून पार्टनरच्या खोलीपर्यंत जाताना दर टप्प्यावर मुली गळत जातात. ही गळती नेमकी कुठे होते, ते पाहायला हवं.

आधी एक खुलासा. लॅटिना म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर आणू नये. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतली काही घराणी अमेरिकेची सरहद्द तिथे पोचण्याआधीपासून त्या मातीत आहेत. पोर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. मायामीतल्या क्यूबन वकिलाची मुलगी आणि लॉस एंजेलिसच्या कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या ग्वाटेमालन बाईची मुलगी प्रवेशअर्जावर एकाच चौकटीत खूण करतात, पण त्यांची वाट एक नसते. इथे जे लिहिलं आहे ते मुख्यतः दुसरीबद्दल आहे, जिच्या घरात आजवर कुणी वकील झालेलं नाही.

या वाटेला इतिहास आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास हा खटला चालला. ज्या काउंटीत आरोपीला शिक्षा झाली, तिथे पंचवीस वर्षांत मेक्सिकन आडनावाचा एकही माणूस ज्यूरीवर बसला नव्हता. गुस गार्सिया आणि कार्लोस कादेना या मेक्सिकन-अमेरिकन वकिलांनी तो खटला लढवून जिंकला. तेव्हा त्यांच्या समाजात वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांत बाई शोधूनच काढावी लागे. न्यूयॉर्कमध्ये पोर्टो रिकन वंशाच्या बाईला वकिलीची सनद पहिल्यांदा मिळाली ती १९६१ साली. त्या इर्मा विदाल सांताएला; पुढे त्या न्यायाधीश झाल्या.

त्यानंतरच्या पिढीतलं एक नाव मला फार महत्त्वाचं वाटतं: विल्मा मार्तिनेझ. जन्म १९४३, सॅन अँटोनियो. शाळेतल्या समुपदेशकाने या हुशार मुलीला हाताचं कौशल्य शिकवणाऱ्या शाळेत जा म्हणून सांगितलं होतं. तो सल्ला तिने मानला नाही. टेक्सास विद्यापीठाची पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला कोलंबिया लॉ स्कूलमध्ये गेली आणि १९६७ साली वकील होऊन बाहेर पडली. काही काळ वॉल स्ट्रीटच्या एका नामांकित फर्ममध्ये कामगार कायद्याचं काम केल्यावर, १९७३ साली, त्या मॅल्डेफच्या प्रमुख झाल्या. मेक्सिकन-अमेरिकनांच्या नागरी हक्कांसाठी न्यायालयात लढणारी ही संस्था. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा निकाल याच संस्थेने मिळवला. मग त्या लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या फर्ममध्ये पार्टनर झाल्या आणि २००९ साली अर्जेंटिनात अमेरिकेच्या राजदूत म्हणून गेल्या. फर्ममधून चळवळीत आणि चळवळीतून पुन्हा फर्ममध्ये, असा हा क्रम. तो लक्षात ठेवावा, कारण कॉर्पोरेट वकिली पत्करली म्हणजे समाजाकडे पाठ फिरवली, हा आरोप या मुलींना घरातून आणि मित्रमंडळींतून हमखास ऐकावा लागतो.

सोनिया सोतोमायोर यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ब्राँक्समध्ये पोर्टो रिकन आईवडिलांच्या पोटी जन्म, प्रिन्स्टन, मग येल लॉ स्कूल, १९७९ ची पदवी, २००९ पासून सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. येलमध्ये शिकत असताना वॉशिंग्टनच्या एका फर्मने भरतीसाठी ठेवलेल्या जेवणात तिथल्या एका पार्टनरने त्यांना विचारलं, तू पोर्टो रिकन नसतीस तर येलमध्ये तुला प्रवेश मिळाला असता का? सोतोमायोर यांनी विद्यापीठाकडे रीतसर तक्रार केली आणि फर्मला माफी मागावी लागली. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या एका बड्या फर्ममध्ये त्यांनी विद्यार्थी असताना उन्हाळ्यात काम केलं होतं, आणि शेवटी नोकरीचं बोलावणं आलं नाही. तो घाव किती लागला, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. त्यांची कॉर्पोरेट वकिली पुढे एका लहान फर्ममध्ये झाली. फेंडी कंपनीच्या नकली पर्सा पकडण्याचं काम त्यांच्याकडे असे आणि त्यासाठी त्या स्वतः छाप्यांवर जात. म्हणजे आज ज्यांचं उदाहरण प्रत्येक लॅटिना विद्यार्थिनीला दिलं जातं, त्यांनाही मोठ्या फर्मचं दार पहिल्या खेपेला उघडलं नव्हतं.

आता आजची वाट. अमेरिकेत बारावीनंतर थेट कायदा शिकता येत नाही. चार वर्षांची पदवी, मग एलसॅट ही प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षांची जेडी, आणि त्यानंतर त्या-त्या राज्याची बार परीक्षा. नामवंत खासगी लॉ स्कूलचं नुसतं शिक्षणशुल्क वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या पुढे आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरात राहणं-खाणं धरलं तर तीन वर्षांचा हिशेब तीन लाखांवर जातो. ज्यांच्या घरी शिल्लक नाही त्यांच्यापुढे कर्जाखेरीज मार्ग नाही. कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडताना समोर दोनच ठळक पर्याय दिसतात. मोठ्या फर्मचा पहिल्या वर्षाचा पगार २०२३ च्या अखेरीपासून सव्वादोन लाख डॉलर आहे. गरिबांचे खटले लढवणाऱ्या संस्थेत तो साठ-सत्तर हजारांच्या आसपास असतो. मधल्या पगाराच्या जागा त्या मानाने थोड्या. म्हणून जी मुलगी निर्वासितांचे खटले लढवायचे असं ठरवून आली, ती दुसऱ्या वर्षी करारनाम्यांच्या बाजूला वळलेली दिसते. तिने तत्त्व विकलं, असं म्हणणाऱ्यांनी तिच्या कर्जाचा हप्ता एकदा विचारून पाहावा. शिवाय काहींना हे काम मनापासून आवडतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पहिलं वर्ष सगळ्यात कठीण. करार, नुकसानभरपाई, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी, घटना हे विषय. प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत. यादीतलं एक नाव उचलून त्या विद्यार्थ्याला भर वर्गात उभं-आडवं विचारतात. बहुतेक विषयांत अख्ख्या सत्राचा निकाल एकाच लेखी परीक्षेवर, आणि गुण एकमेकांच्या तुलनेत: किती जणांना वरची श्रेणी द्यायची, ते आधीच ठरलेलं असतं. उत्तरपत्रिका कशी लिहायची, जुन्या विद्यार्थ्यांच्या टिपणवह्या कुठे मिळतात, प्राध्यापकाला नेमकं काय आवडतं, ही माहिती ज्यांच्या घरात वकील आहेत त्यांना वर्ग सुरू होण्याआधीच असते. बाकीच्यांना ती डिसेंबरात, परीक्षा झाल्यावर कळते.

नुकसानभरपाईच्या तासाला पाल्सग्राफ खटला प्रत्येक अमेरिकी विद्यार्थी वाचतो. १९२४ च्या ऑगस्टात ब्रुकलिनच्या एका स्टेशनवर हेलन पाल्सग्राफ आपल्या दोन मुलींना घेऊन समुद्रकिनारी जायला गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. चालू गाडी पकडणाऱ्या एका माणसाला रेल्वेच्या नोकरांनी आत ढकललं, त्याच्या काखेतलं पुडकं रुळांवर पडलं, त्यात फटाके होते, स्फोट झाला आणि फलाटावरचा वजनकाटा हेलनबाईंच्या अंगावर आला. त्यांचं बोलणं अडखळू लागलं. ज्यूरीने सहा हजार डॉलर भरपाई दिली. १९२८ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. निकाल लिहिला बेंजामिन कार्डोझो यांनी: अशा अपघाताची कल्पना नोकरांना येणं शक्य नव्हतं, म्हणून रेल्वे जबाबदार नाही. वर खटल्याचा खर्चही बाईंवरच. वर्गात चर्चा होते ती कार्डोझोंच्या तर्काची. हेलन पाल्सग्राफ झाडलोट आणि घरकाम करून मुलं वाढवत होत्या, हे पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात नसतं. जॉन नूनन यांनी १९७६ सालच्या पुस्तकात तो तपशील पुढे आणला आणि विचारलं, कायदा शिकवताना माणसं गाळून का टाकली जातात?

लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटीतल्या मनोऱ्यांत बड्या लॉ फर्मची कार्यालयं आहेत. १९९० च्या जूनमध्ये तिथल्या सफाई कामगारांनी संप करून मोर्चा काढला, त्यांवर पोलिसांनी लाठीमार केला, आणि तरीही शेवटी कंत्राटदाराला युनियन मान्य करावी लागली. त्या कामगारांत एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, मेक्सिकोहून आलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. अशा बाईची मुलगी जेव्हा पाल्सग्राफ वाचते, तेव्हा तिला वजनकाट्याच्या आधी ती बाई दिसते. परीक्षेत मात्र गुण मिळतात तर्काला. हा तर्क तिनेही शिकायलाच हवा. तो आला तरच पुढे तो बदलता येईल. पण वर्गात स्वतःच्या ओळखीचं माणूस दिसूनही त्याबद्दल बोलायची सोय नसणं, याचा शीण वेगळाच असतो.

एवढं सगळं सांभाळत असताना भरतीचा हंगाम येतो, आणि माझ्या मते गळतीचं सगळ्यात मोठं भोक इथे आहे. पूर्वी पहिल्या वर्षाचे पूर्ण गुण हातात आले की दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, ऑगस्टात, फर्म कॉलेजात येत. एका दिवसात वीस-वीस मिनिटांच्या मुलाखती, त्यांतून निवडलेल्यांना फर्मच्या कार्यालयात बोलावणं, आणि मग पुढच्या उन्हाळ्यासाठी समर असोसिएट म्हणून जागा. उन्हाळा नीट पार पडला की कायमची नोकरी जवळजवळ पक्की. थोडक्यात, पहिल्या वर्षाच्या आठ-दहा पेपरांवर पुढची सगळी वाट ठरायची. हेच कडक होतं, पण निदान वर्ष तरी पूर्ण होऊ देत. भरतीच्या तारखांबद्दल फर्म आणि कॉलेजांच्या संघटनेचे जे नियम होते, ते २०१८ च्या अखेरीस सुटले. मग महामारी आली. आता कित्येक फर्म पहिल्या वर्षाच्या वसंतातच थेट अर्ज मागवतात. पहिल्या सत्राचे गुण हाती येतात न येतात तोच, आणि काही ठिकाणी त्याच्याही आधी.

याचा फटका कुणाला बसतो ते उघड आहे. कॉर्पोरेट म्हणजे नेमकं कोणतं काम, खटले लढवणारा विभाग आणि कंपन्यांची खरेदी-विक्री पाहणारा विभाग यांत फरक काय, कुठल्या फर्मला कुणामार्फत पत्र लिहायचं, हे नोव्हेंबरात ज्याला माहीत आहे तो जानेवारीत अर्ज करतो. जिला हे एप्रिलमध्ये कळतं, तिच्यासाठी बऱ्याच जागा भरून गेलेल्या असतात. पहिल्या सत्रात बुजलेली आणि दुसऱ्या सत्रात वर्गात वर आलेली मुलगी दरवर्षी असते. नव्या वेळापत्रकात तिची ती झेप कुणी पाहतच नाही.

हे अंतर भरून काढायला काही संस्था वर्षानुवर्षं झटत आहेत. वंचित गटांतल्या मुलांना लॉ स्कूलच्या आधीच तयार करणारी क्लीओ १९६८ सालची. पोर्टो रिकन समाजाची कायदेशीर लढाई लढणारी, आज लॅटिनोजस्टिस म्हणून ओळखली जाणारी संस्था १९७२ ची. तिने एलसॅटचे स्वस्त वर्ग चालवले. जवळजवळ प्रत्येक कॉलेजात लॅटिनो विद्यार्थ्यांची संघटना असते आणि वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना टिपणं, जुन्या प्रश्नपत्रिका, मुलाखतीची तालीम देतात. माझ्या समजुतीने कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा या ताईंनी जास्त मुली तारल्या आहेत.

फर्मच्या आत गेल्यावरचं कामही पाहायला हवं, कारण बाहेरून ते मालिकांतल्या कोर्टासारखं वाटतं. कॉर्पोरेट विभागातली नवी असोसिएट कोर्टाची पायरी क्वचितच चढते. एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा विकल्या जाणाऱ्या कंपनीचे शेकडो करार वाचून, मालकी बदलली तर कोणता करार मोडू शकतो, ते शोधून तक्ता करायचा. व्यवहाराच्या दिवशी लागणाऱ्या कागदांची यादी सांभाळायची, प्रत्येक संचालकाच्या सहीचं पान गोळा करायचं, मसुद्याच्या तेराव्या आणि चौदाव्या आवृत्तीत कुठला शब्द बदलला ते दाखवायचं. वर्षाला १,९०० ते २,००० तास अशिलाच्या नावावर लागले पाहिजेत. यातलं नुसतं कागद चाळण्याचं बरंचसं काम २००४ नंतर आपल्याकडेही आलं. पँजिया-थ्री ही कंपनी मुंबईत बसून अमेरिकी फर्मसाठी तेच करायची आणि २०१० साली थॉमसन रॉयटर्सने ती घेतली. उरलेलं काम संगणक उचलू लागला आहे. त्यामुळे नव्या असोसिएटला हाताखाली शिकायची जी संधी मिळे, तीच आक्रसते आहे, आणि मग पार्टनर कुणाला जवळ बसवून शिकवतो याला जास्तच महत्त्व येतं.

स्पॅनिश हा इथे खरा भांडवली गुण असायला हवा. लॅटिन अमेरिकी सरकारं आणि कंपन्या यांचे कितीतरी रोखे न्यूयॉर्कच्या कायद्याखाली निघतात. न्यूयॉर्क आणि मायामीच्या फर्मचे त्यासाठी वेगळे विभाग आहेत. पण अनेकदा घडतं असं की लॅटिना असोसिएटकडून भाषांतर करून घेतलं जातं, आणि ते तास अशिलाच्या बिलात किंवा तिच्या बढतीच्या हिशेबात धड येत नाहीत. हिस्पॅनिक वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ साली लॅटिना वकिलांवर अहवाल काढला. तेव्हा देशातल्या वकिलांत त्या दीड टक्कासुद्धा नव्हत्या. कोर्टात किंवा बैठकीत आपल्याला दुभाषी, लघुलेखिका किंवा सेक्रेटरी समजलं जातं, असं त्यांत अनेकींनी सांगितलं. नावं-गावं बदलून हीच तक्रार आजही ऐकू येते.

गेल्या तीन वर्षांत तर पायाखालची वाळूच सरकली आहे. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. सोतोमायोर यांनी विरोधी मत लिहिलं. हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षातलं हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचं प्रमाण त्यानंतर अकरा टक्क्यांवरून सातच्या आसपास आलं. २०२३ च्याच ऑगस्टात दोन मोठ्या फर्मवर, वंचित गटांसाठी ठेवलेल्या त्यांच्या शिष्यवृत्त्या भेदभावाच्या आहेत असा दावा लागला. दोन्ही फर्मनी अटी बदलल्या, दावे मागे घेतले गेले, आणि इतर फर्मनी न सांगता आपल्या योजना तशाच बदलून टाकल्या. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रोजगार आयोगाने वीस फर्मना त्यांच्या विविधता-धोरणाचा जाब विचारणारी पत्रं पाठवली. राष्ट्राध्यक्षांनी बड्या लॉ फर्मना लक्ष्य करणारे आदेशही काढले; त्यांविरुद्ध चार फर्म न्यायालयात गेल्या आणि खालच्या न्यायालयांत चारही जिंकल्या; इतर काहींनी सरकारशी समझोता केला. शिष्यवृत्तीतून फर्ममध्ये शिरण्याची जी वाट होती, ती बरीचशी बुजली.

भरीला कर्जाचा कायदा. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाइतकं सरकारी कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली. कायद्याच्या विद्यार्थ्याला आता वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा. वरचे पैसे खासगी बँकेकडून घ्यायचे, तर चांगली पत असलेला जामीनदार लागतो. ज्या घरात आई रात्रपाळीला कार्यालयं पुसते, तिथून तो कुठून आणायचा? अशा मर्यादेमुळे कॉलेजं शुल्क उतरवतील असं म्हणणारे आहेत. उतरवतील तेव्हा उतरवतील. तोवर या मुलींना स्वस्त पण कमी नावाचं कॉलेज घ्यावं लागेल, आणि बड्या फर्म तिथे फारशा फिरकत नाहीत.

शिष्यवृत्त्यांचा वाद न्यायालयात चालत राहील. कर्जाचा प्रश्न काँग्रेसच्या हातात आहे. भरतीचं वेळापत्रक मात्र कॉलेजांच्या आणि फर्मच्या हातात आहे. त्यात वंशाचा उल्लेखही करावा लागत नाही, म्हणून २०२३ च्या निकालाची आडकाठीही नाही. शिवाय नमुना समोर आहे. केंद्रीय न्यायालयांतल्या अनेक न्यायाधीशांनी २०१८ पासून स्वतःहून ठरवलं आहे की दुसरं वर्ष संपेपर्यंत मदतनीस म्हणून कुणाचा अर्ज पाहायचा नाही. ते बंधनकारक नाही, तरी बरेच जण पाळतात. न्यायाधीशांना दोन वर्षं थांबता येतं, तर फर्मना एक वर्ष थांबायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षाचे पूर्ण गुण लागेपर्यंत आमच्या विद्यार्थ्यांना नोकरीचं पत्र देऊ नका, अशी अट प्रत्येक लॉ स्कूलने आपल्या आवारात येणाऱ्या फर्मना घालावी. याला पैसे लागत नाहीत, नवा कायदाही लागत नाही. पुढचा वर्ग ऑगस्टात सुरू होतो. अट त्याच्या आधी घालावी.